वाटेतले चौदा तास

सोलापूर,
श्रावणी सोमवार

चि. भाचीबाई,



तुझा व्हिसा आला, तिकीट निघालं, हे आईने तुझ्या फोनवरून कळवलं. पण तिच्या आवाजात आनंदाहून काळजीच जास्त होती. मुंबईहून पहाटे निघून सकाळी सहाला दोहा आणि तिथून मँचेस्टरचं विमान रात्री आठला. मधले चौदा तास पोरगी एकटी काय करणार, हा तिचा घोर. तुझे वडील जास्तीचे पैसे भरून कमी थांब्याचं तिकीट घ्यायला निघालेत. तू माझं मत विचारलंस, म्हणून हे सविस्तर पत्र.

माझं मत आहे, तिकीट बदलू नकोस. थांबा दीड-दोन तासांचा असला आणि मुंबईलाच विमानाला उशीर झाला, तर पुढचं विमान चुकण्याची टांगती तलवार डोक्यावर राहते. चौदा तासांत ती भीती नाही. शिवाय हे तास नीट वापरलेस तर परक्या देशात एकटीने वावरायची पहिली तालीम तुझी तिथेच होऊन जाईल.

प्रवासातला थांबा म्हणजे फुकट गेलेला वेळ, असं आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी मानू नये. माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरली की सदाशिवनगरला, खुडूसला, ठाकूरबुवांच्या समाधीजवळ, बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण होतं. अश्व धावतो ते बघायला लोक उन्हातान्हात तासन् तास उभे राहतात. हे रिंगण पंढरपूर गावात होत नाही, वाटेतच होतं. पोहोचायचं पंढरपूरलाच असतं, तरी वाटेतलं काही वारकरी गाळत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. भैय्या चौकातल्या त्यांच्या जन्मघराचं स्मारक तू पाहिलेलं आहेस. चीनमध्ये त्यांनी केलेली रुग्णसेवा सगळ्यांना ठाऊक असते. तिथवर पोहोचायला लागलेल्या महिन्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टर ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. डॉ. अटल त्यांचे प्रमुख, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर उपप्रमुख, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस. चीनच्या किनाऱ्याला ते पंधरा-सोळा दिवसांत लागले. पण जिथे जायचं होतं त्या उत्तरेकडच्या येनानला ते पोहोचले थेट फेब्रुवारी १९३९ मध्ये. मधले महिने वुहान, यीचांग, चुंगकिंग असे थांबत थांबत गेले. जपानी फौजा पुढे सरकत होत्या, ऑक्टोबरच्या अखेरीस वुहान पडलं, आणि उत्तरेला जायची वाट लवकर मोकळी होत नव्हती.

या थांब्यांत ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. जिथे थांबले तिथल्या इस्पितळांत जखमींना तपासत राहिले, आणि कोटणीसांनी चिनी भाषेचा अभ्यास धरला. चुंगकिंगला असताना शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी या पाचही जणांना चिनी नावं दिली. आपल्या कोटणीसांचे तिथे ‘के दीह्वा’ झाले. पुढे ते त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले आणि १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले तेव्हा त्यांचं वय अवघं बत्तीस होतं. इतक्या थोड्या वर्षांत ते त्या लोकांचे झाले, याला वाटेतल्या त्या महिन्यांचाही हातभार होता, असं मला मनापासून वाटतं. आपण जिथे थांबलोय तिथल्या माणसांकडे बघायचं आणि पुढे जे करायचंय त्याची थोडी तयारी करून घ्यायची, एवढं त्यांच्याकडून घे.

आता कामाचं बोलू. तुझं तिकीट मुंबई ते मँचेस्टर एकच आहे, हे बरं झालं. एकाच तिकिटात पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं जोडून केलेला प्रवास स्वस्त दिसतो, पण पुढचं विमान चुकलं की नवं तिकीट आपल्या खिशातून, आणि सामानही मध्येच घेऊन पुन्हा द्यावं लागतं. मुंबईला काउंटरवर बॅगेला चिठ्ठी लावतात तिच्यावर शेवटचं ठिकाण मँचेस्टर आहे ना, ते स्वतः वाच. दोन्ही बोर्डिंग पास तिथेच मागून घे. सामानाची पावती पासपोर्टच्या मागे चिकटवतात, ती मँचेस्टरला बॅग हातात येईपर्यंत काढू नकोस.

दोहा शहरात जायचं तर प्रवेशाची अट आधी बघावी लागते. भारतीय पासपोर्टला कतारमध्ये काही अटींवर व्हिसाची सवलत मिळते, पण त्या अटी बदलत राहतात. मैत्रिणीने गेल्या वर्षी काय केलं यावर विसंबू नकोस. निघायच्या आठवड्यात कतारच्या अधिकृत संकेतस्थळावर बघ आणि विमान कंपनीला विचारून घे. थांबलेल्या प्रवाशांसाठी ‘डिस्कव्हर कतार’तर्फे शहराच्या सहलीही निघतात. पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलीला ती वाट सोपी. थोडे पैसे जातात, पण वेळेत परत आणून सोडतात. तुझ्या आईचा जीवही भांड्यात पडेल.

वेळेचा हिशोब असा मांड. चौदा तास म्हणजे हातात चौदा तास नव्हेत. उतरणं, तोंड धुणं, चहा, इमिग्रेशनची रांग यात दोन तास धर. परतताना विमान सुटण्याच्या तीन तास आधी, म्हणजे संध्याकाळी पाचला तू विमानतळाच्या आत असायला हवीस. उरले नऊ तास. त्यातले पाच-सहाच बाहेर घालव, बाकीचे अडीअडचणीला आणि झोपेला ठेव. दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं आणि तिकिटावर प्रत्येक गावाची तिथलीच वेळ छापतात. उतरल्या उतरल्या फोन तिथल्या वेळेवर आला की नाही ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून घे.

सप्टेंबरात दोह्यात ऊन आपल्या वैशाखाची आठवण करून देईल इतकं असतं, आणि वर समुद्राची दमट हवा. म्हणून सकाळी आठच्या सुमाराला निघ. विमानतळातूनच मेट्रोची लाल मार्गिका सुटते. मुशैरिबला उतरून सोनेरी मार्गिका धरलीस की पुढचंच स्थानक सूक वाकिफ. सूक म्हणजे बाजार. या बाजारातली दुकानं दुपारी काही तास बंद राहतात, तेव्हा बाजार सकाळी आणि इस्लामी कला संग्रहालय भर दुपारी, हा क्रम मोडू नकोस. शुक्रवारी सकाळी तिथे बहुतेक सगळं बंद असतं, तुझा दिवस तो नाही ना ते पंचांगाआधी बघ.

बाजारात खरेदीला जाऊ नकोस, मोत्यांची गोष्ट मनात घेऊन जा. तुझ्या पणजीच्या नथीत जे मोती आहेत त्यांना घरात सगळे बसरा मोती म्हणतात. ते याच आखाताच्या पाण्यातले. तेलाच्या आधी कतारची माणसं उन्हाळाभर होड्या घेऊन समुद्रात जायची, नाकाला चिमटा लावून बुडी मारायची आणि शिंपले वर काढायची. तो माल मुंबईच्या मोतीबाजारात यायचा आणि तिथून जगभर जायचा. १९३० च्या सुमाराला जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, त्यात जागतिक मंदी, आणि हा धंदा बसला. दुखानला तेल लागलं ते त्यानंतर. आणि ऐक, १९६६ पर्यंत कतारात आपला रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा कतारने तो सोडला. एवढं डोक्यात ठेवून बाजारात शिरलीस तर मोत्यांच्या दुकानातला म्हातारा तुझ्याशी दोन शब्द जास्त बोलेल. बहिरी ससाण्यांचा बाजार आणि त्यांचं इस्पितळही तिथेच आहे. पक्षी लाकडी दांडीवर डोळ्यांवर टोपी घालून बसलेले असतात. फोटो काढण्याआधी मालकाला विचार.

दुपारी इस्लामी कला संग्रहालय. अंतर थोडं आहे, पण त्या उन्हात पायी जाऊ नकोस, टॅक्सी कर. आय. एम. पेई या वास्तुविशारदाने नव्वदीच्या घरात असताना ही इमारत समुद्रात भर टाकून केलेल्या बेटावर उभी केली. २००८ मध्ये ती खुली झाली. कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या वजूच्या कारंज्यावरून त्यांना तिचं रूप सुचलं. सगळं संग्रहालय पाहायचा हट्ट धरू नकोस, गालिच्यांपाशी थांब. तू मागांच्या गावची पोर आहेस. आपल्या चादरीची नक्षी जकार्डवर पुठ्ठ्याच्या छिद्रांतून उतरते, आणि चादर उलटी केली की तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. गालिच्यात उभ्या ताण्यावर हाताने एकेक गाठ मारलेली असते, एका पुरुषभर गालिच्याला महिने जातात. गालिचा उलटून बघता येणार नाही, तेव्हा त्याच्या कडेला वाक आणि झालरीशी गाठी कुठे सुरू होतात ते बघ. तुझ्या आजोबांनी सोलापूरच्या पूर्वभागातल्या कारखान्यात आयुष्य काढलं. त्यांना फोन करून जे दिसलं ते सांग. या एका गोष्टीला तासभर दिलास तरी तो दिवस सार्थकी लागला.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सोलापुरात वाढल्यामुळे तुला मराठी, हिंदी येते, शेजारामुळे तेलुगू बोलता येते आणि कन्नड समजते. मुंबई-दोहा विमानात आणि विमानतळावर तुला तेलंगणातली पुष्कळ माणसं भेटतील. करीमनगर, निजामाबादकडून वर्षानुवर्षं लोक आखातात मजुरीला जातात. पूर्वभागातले पद्मशाली विणकरही मूळचे त्याच मुलखातले. यातल्या कितीतरी जणांना इंग्रजी फलक वाचता येत नाहीत, फॉर्म भरता येत नाही, दरवाजाचा क्रमांक बदलला तर कळत नाही. कुणी गोंधळलेलं दिसलं तर जवळ जा, ‘एक्कडिकि वेळ्ळालि?’, कुठे जायचंय, म्हणून विचार, दरवाजा दाखव. तुझी दहा मिनिटं जातील, पण एखाद्याची नोकरी वाचेल. परदेशात गेल्यावर आपल्यालाही कुणाला तरी विचारावंच लागतं. दुसऱ्याला सांगताना आपली भीड आधी मोडते, हा त्यातला तुझा फायदा.

काही बंधनं मात्र पाळ. कुणी कितीही गयावया केली तरी दुसऱ्याची पिशवी हातात घेऊ नकोस, ‘जरा लक्ष ठेवा’ असं म्हटलं तरी नको. आपली पिशवी कुणावर सोडून जाऊ नकोस. पासपोर्ट, विद्यापीठाच्या प्रवेशाचं पत्र, व्हिसाचे कागद, औषधं, एक कपड्यांचा जोड आणि चार्जर हातातल्या पिशवीतच. पॉवर बँकही तिथेच, ती मोठ्या बॅगेत चालत नाही. विमानतळाच्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नकोस. रोमिंग सुरू नसेल तर ओटीपी येणार नाही, म्हणून लागतील ते पैसे भरायचं काम मुंबईतच उरक. शहरात फिरताना खांदे आणि गुडघे झाकणारे सैल सुती कपडे घाल, तिथली रीत ती आहे आणि उन्हालाही ते बरे.

खाण्याचं सांगतो, कारण आईने डबे भरायला घेतलेच असतील. कडक भाकरी ने. आठवडाभर काही होत नाही आणि चुरून दाण्याच्या चटणीशी खाल्ली की पोट भरतं. चटणी मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या पिशवीतली पुडी तपासणीला उघडायला लावतात. थोडी जवळ ठेवलीसच तर विमानात ती उघडू नकोस, शेजारच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते. साजूक तूप आणि पेढे काढून ठेव, दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. आणि खसखस, किंवा खसखस घातलेला मसाला, चुकूनही नको. अमिरातीसारख्या आखाती देशात तिची गणना अमली पदार्थांत होते आणि एका चमच्यासाठी माणूस अडकून पडतो.

शहरातून परत आल्यावर शरीराकडे बघ. विमानतळावर शांत खोल्या असतात, तिथे दीड-दोन तास पाठ टेक. गजर लाव आणि पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळून झोप. त्याआधी पडद्यावर दरवाजा बघून ठेव, उठल्यावर पुन्हा बघ, तो बदलतो. पाणी पीत राहा, बसून पाय सुजतात म्हणून मधून मधून चाल. मोठ्या पिवळ्या अस्वलाचा पुतळा तुला लांबूनच दिसेल, तिथून काचेच्या छताखालच्या बागेपर्यंत चार फेऱ्या मारल्यास तरी पाय मोकळे होतील.

कदाचित ऐनवेळी शहरात जाता आलं नाही, तर खट्टू होऊ नकोस. आतही करण्यासारखं पुष्कळ असतं. तुझ्या भावंडांनाही हे पत्र वाचून दाखव, त्यांचेही थांबे असेच, फक्त दुसऱ्या विमानतळांवर. आमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर रेइक्सम्युझियमचं छोटं दालन आणि वाचनालय आहे, आणि तो विमानतळ उपसलेल्या सरोवराच्या तळावर, समुद्रसपाटीच्या खाली आहे. सिंगापूर आणि इस्तंबूलला थांबलेल्या प्रवाशांसाठी ठरावीक अटींवर मोफत शहरदर्शन निघतं, मात्र व्हिसाचे नियम तिथेही आधी बघावे लागतात. अबुधाबीवरून अमेरिकेला जाणाऱ्यांची अमेरिकन इमिग्रेशन तपासणी अबुधाबीतच होते, म्हणून तिथला थांबा फार छोटा असू नये. आणि अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर एरवी पहिल्याच अमेरिकन विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते. आमच्या ओळखीतल्या कितीतरी आजी-आजोबांची तिथेच धांदल उडते, त्यांना हे आधी सांगून ठेव.

शेवटचा एक तास स्वतःसाठी राखून ठेव. दरवाजाजवळ बस, वही काढ. मँचेस्टरला पोहोचल्यावर पहिल्या दिवशी करायची कामं क्रमाने लिही: घराची किल्ली कुठून घ्यायची, विद्यापीठात कुठे हजेरी द्यायची, फोनचं कार्ड, बँक, कुणाला कळवायचं. तिथे उतरशील तेव्हा डोकं शिणलेलं असेल आणि बाहेर पाऊस असेल, तेव्हा ही यादी वाचून नुसतं करत जायचं. तिच्याखाली त्या दिवशी भेटलेल्या माणसांबद्दल चार ओळी लिही. दिसलेल्या इमारती गूगलवर पुन्हा सापडतात, बोललेली माणसं सापडत नाहीत.

आईला दोनच फोन कर, एक उतरल्यावर आणि एक पुढच्या विमानात बसताना, आणि त्या वेळा तिला आजच सांगून ठेव. मधे फोन आला नाही तर घाबरायचं नाही, हे मी तिला समजावतो. वडिलांना सांग, वाचलेल्या पैशांत मँचेस्टरला चांगला जाड कोट घ्यायचा.

पोहोचल्यावर पहिल्या रविवारी मला फोन कर. काय पाहिलंस ते नंतर सांग. आधी सांग, वाटेत कुणाशी बोललीस आणि कुणाच्या उपयोगी पडलीस.

सिद्धरामेश्वर तुझं भलं करो.

तुझा,
मामा